स्क्रीनवरची रुई

आधी सुमनबाईंचं नाव लिहितो, बाकीचं मागाहून. अकोटच्या एका जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे पिवळा पडलेला, किडका कापूस, वेचून बाजूला काढणाऱ्या बाया असतात. सुमनबाई त्यांतल्या एक. शाळा चौथीपर्यंत. मी नववीत सोडली. म्हणजे कागदोपत्री मी त्यांच्या पाच इयत्ता पुढे. आज अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत माझं जे काही काम चालतं, ते त्यांनी एका सकाळी दोन तास उभं राहून मला जे दाखवलं त्यावर चालतं. आणि त्याच्या आदल्या दिवशी माझ्या एका वाक्यानं त्यांची खुर्ची गेली होती.

मी मूळचा चंदगड तालुक्यातला. मामांनी इकडे केबल ओढायचं काम घेतलं होतं, त्यांच्या हाताखाली म्हणून अकोल्याला आलो. मामा दोन वर्षांनी परत गेले, मी राहिलो. राहण्यासारखं काही मोठं कारण नव्हतं. गावी सगळ्यांना माझा नववीचा निकाल पाठ होता, इथे कोणाला माहीत नव्हता, एवढंच. अजूनही माझं बोलणं ऐकून लोक विचारतात, "तुमी कोल्हापूरकडचे का जी?" मी हो म्हणतो आणि पुढचा प्रश्न शिक्षणाचा असेल म्हणून घाईघाईनं पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, म्हणून काम सांगतो. मी छोटे टचस्क्रीन कॉम्प्युटर बसवतो. पत्त्यांच्या कॅटएवढं बोर्ड, त्याच्यावर सात इंची काच. कीबोर्ड नाही, माऊस नाही, पंखाही नाही. आत लिनक्स. लिनक्स फुकट मिळतं आणि किरकोळ मशीनवरही चालतं, म्हणून मी ते धरलं. पण त्याची एक खोड आहे. मोबाइल विकत घेतला की त्याचा चेहरा ठरलेला असतो. लिनक्सचा चेहरा आपण निवडायचा. त्याला डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट असं लांबलचक नाव आहे. मला ते नीट उच्चारायला सहा महिने लागले, म्हणून मी चेहराच म्हणतो. आतलं यंत्र तेच राहतं. पण बटण केवढं दिसेल, बोट टेकवलं तर काय होईल, दाबून धरलं तर काय, ओढलं तर काय, हे सगळं चेहरा ठरवतो. काही चेहरे माऊससाठी जन्मलेले. त्यांची खिडकी बंद करायची फुली तिळाएवढी, शेतातल्या माणसाच्या बोटाखाली ती सापडतच नाही. काही मोबाइलसारखे, मोठी चित्रं, बोटानं सरकणारे, पण यंत्राला जड. कुठल्या जागी कुठला चेहरा, हे ओळखणं म्हणजे माझं काम. स्क्रू कोणीही आवळतं.

भातकुलीला एका खाजगी दवाखान्यात नंबर घ्यायचं मशीन बसवलं होतं. माऊसवाला हलका चेहरा घेतला आणि त्यात बटणं मोठी करून दिली. पेशंटनं बोट टेकवायचं, चिठ्ठी बाहेर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला.

"या अन् पाहा. तुमचं मशीन लोकाईले हॉटेलचं मेन्यू कार्ड दाखवून राह्यलं."

जाऊन बाकावर बसलो. एक आजोबा आले, काचेवर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. रेशन दुकानात धरतात तसा. तिथे पीं वाजेपर्यंत अंगठा काढायचा नाही, ही सवय हाडात गेलेली. आणि त्या चेहऱ्यात बोट दाबून धरणं म्हणजे माऊसचं उजवं बटण. बारीक अक्षरांची यादी उघडते. आजोबांनी यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माहा अंगठा उमटत नाई. मले म्हाईत आहे. रेशनवालाही असाच वापस पाठवते."

मी म्हटलं, "बाबा, तुमचा अंगठा चांगला आहे. मशीन शहाणं नाही."

डॉक्टर समोर उभे होते, तरी हे बोलून गेलो. त्या दिवशी जमलं. दाबून धरलं तरी टेकवल्यासारखंच धरायचं, अशी सोय करून दिली आणि मनाशी ठरवलं की माऊसवाले चेहरे पुन्हा नको. आता मोबाइलसारखा चेहरा घ्यायचा. लोकांना मोबाइल येतो.

हे ठरवलेलं घेऊन मी अकोटला गेलो.

जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. ही रुई हंगामभर हवेत असते. पापणीवर, भिंतीवर, चहाच्या कपात. साधा कॉम्प्युटर तिथे महिनाभर टिकत नाही. त्याचा पंखा रुई आत ओढतो आणि आत गादी तयार होते, ती तापली तर आग. कीबोर्डच्या फटी भरतात. म्हणून शेठनं माझं बिनपंख्याचं मशीन मागवलं होतं. गेटवर गाडी आली की ग्रेडर कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो आणि आकडा ओरडून सांगतो. तो आकडा स्क्रीनवर टाकायचा. कोरडा असेल तर हिरवी चिठ्ठी, गाडी सरळ गंजीवर, म्हणजे कापसाच्या मोठ्या ढिगावर. ओला असेल तर लाल चिठ्ठी, गाडी वाळवणाकडे. कारण ओला कापूस गंजीत गेला तर आतून तापतो आणि आजूबाजूचा चांगला कापूसही पिवळा करतो.

स्क्रीनवर कोणाला बसवायचं हे शेठनं ठरवून ठेवलं होतं. वेचणाऱ्या बायांमधून त्यांनी सुमनबाईंना उठवलं. "आकडे पटपट वाचते ते बाई," म्हणाले. सुमनबाईंचे गुडघे दोन वर्षांपासून गेले होते. मांडी घालून दिवसभर बसणं त्यांना होत नव्हतं, आणि वेचणीला दुसरी बैठक नाही. गेटवर प्लास्टिकची का होईना, खुर्ची होती. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर टेकल्या तेव्हा बाकीच्या बायांनी सोडलं नाही.

"सुमन, टीव्ही पाहाचा पगार भेटते आता तुले."

"पाह्य ना मंग येऊन," त्या म्हणाल्या. "सिरियल नाई लागत याच्यावर. नुसते ट्रॅक्टर लागतात."

मी त्यांना अर्ध्या तासात शिकवलं. चेहरा देखणा होता. खालच्या कडेवरून बोट वर सरकवलं की चालू असलेलं काम छोट्या कार्डासारखं दिसायचं. ते कार्ड आणखी वर ढकललं की काम बंद. मोबाइलवर करतात तसंच. कडेला बोट लावू नका, एवढं सांगितलं. शिवाय आकडे टाकायचा कार्यक्रम चुकून बंद झालाच, तर दोन सेकंदांत आपोआप पुन्हा उघडेल आणि शेवटची नोंद दाखवेल, अशी सोय करून ठेवली होती. त्या सोयीचा मला फार अभिमान होता. शेठला दोनदा करून दाखवली. शेठ म्हणाले, "वा, इंजिनिअर साहेब." मी दुरुस्ती केली नाही.

सुमनबाईंनी एकच विचारलं, "याले धक्काबिक्का लागला तर?"

"काही होत नाही."

"तुमी म्हनता बावा."

तीन आठवड्यांनी शेठचा फोन आला, लगेच निघा. सकाळच्या एसटीनं गेलो. आवारात मोठी गंजी फोडलेली होती. वरून पांढरीशुभ्र, आत हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी. ग्रेडरनं माझा हात धरून आत घातला. भाकरीच्या टोपलीत हात घालावा तसं ऊन लागलं. तीन ओल्या ट्रॉल्या हिरव्या चिठ्ठीवर आत गेल्या होत्या. ग्रेडर शपथ घेऊन सांगत होता, आपण चौदा ओरडलो होतो. चिठ्ठीवर आठ छापलेलं होतं.

बाया काम थांबवून उभ्या होत्या. हमाल, ड्रायव्हर, सगळे वजनकाट्यापाशी जमले होते. सुमनबाई खुर्चीमागे उभ्या होत्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. शेठ मला म्हणाले, "पाहा आनि सांगा. मशीनचा दोष का मानसाचा?"

मशीन जे जे घडतं त्याची वही आतल्या आत लिहीत असतं. मी ती उघडली. त्या तिन्ही गाड्यांच्या वेळी एकच ओळ होती. कार्यक्रम वापरणाऱ्यानं बंद केला. पुन्हा उघडला. आधीच्या गाडीची नोंद दाखवली, आणि तीच छापली गेली. माझी ती अभिमानाची सोय. पण 'का' बंद केला, हे वहीत नव्हतं, आणि मला त्या घटकेला तो 'का' शोधायचाही नव्हता. शोधायला लागलो असतो तर शेठनं पुढं विचारलं असतं, मग तुम्ही शिकलात कुठं? आणखी चार जिनिंगवाल्यांनी अकोटचं पाहून ठरवू म्हणून सांगितलं होतं, तेही डोक्यात होतं.

मी म्हटलं, "मशीनमध्ये दोष दिसत नाही. कार्यक्रम हातानं बंद केला गेलाय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

शेठ वळले. "आयकलं का, सुमनबाई?"

त्या म्हणाल्या, "मी कायले बंद करू जी त्याले?" आवाज चढला नव्हता. त्यांनी खुर्चीला अडकवलेली डब्याची पिशवी काढली आणि वेचणाऱ्या बायांमध्ये जाऊन, एक हात जमिनीवर टेकवून, हळूहळू खाली बसल्या. एवढ्या बायांमध्ये कोणी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

मी मशीन तपासायच्या नावाखाली अकोटलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया कामाला लागायच्या आधी गेटवर स्क्रीनसमोर नुसता बसलो होतो. वहीतल्या त्याच तीन ओळी पुन्हा पुन्हा वाचत होतो. सुमनबाई आल्या.

"उठा बरं. दाखवतो तुमाले."

मला वाटलं भांडायला आल्या आहेत. मी उठलो. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्या राहिल्या, स्क्रीनवर आकडा टाकला, आणि थांबल्या. शेजारी यंत्रं सुरू होत होती. बघता बघता काचेवर पांढरा थर आला. आकडे दिसेनासे झाले. सुमनबाईंनी पदराचं टोक घेतलं आणि काच पुसली. खालून वर, कपाळावरचा घाम पुसावा तशी. कार्ड दिसलं. डाग राहिला होता म्हणून पुन्हा पुसली, खालून वर. कार्ड उडालं. दोन सेकंदांत कार्यक्रम पुन्हा उघडला, आधीच्या गाडीचा आकडा घेऊन, स्वच्छ, शहाण्यासारखा.

मी मशीनची वही उघडली. तीच ओळ पुन्हा उमटली होती.

"असं दिवसातून शंभर डाव होते," त्या म्हणाल्या. "मले वाटे, पुसल्यावर चमकते, तसंच असन याचं. परत येते ना ते. म्हनलं, बरोबरच असन."

पदर पातळ होता. त्यातून बोटाचा स्पर्श काचेला कळत होता. मशीनला ते बोटच वाटलं. एरवी मागची-पुढची गाडी दोन्ही कोरड्या, म्हणून चिठ्ठीचा रंग चुकत नव्हता; त्या तीन वेळा कोरडीमागे ओली आली होती. मी हे सगळं अकोल्याला दुकानात, दार लावून, स्वच्छ टेबलावर तपासलं होतं. माझ्या दुकानात रुई उडत नाही. माझ्या दुकानात कोणी स्क्रीन पुसत नाही.

"तुम्ही काल का नाही सांगितलं?" मी विचारलं. विचारून लाज वाटली.

"काल मले म्हाईत होतं काय? रातभर इचार केला, हात कुठं लागला असन माहा. सकाळी भांडे घासता घासता ध्यानात आलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी काल जे बोलले ते मी आयकलं भाऊ. तुमाले तरी कुठं म्हाईत होतं?"

मला माहीत नव्हतं हे खरं. पण मी जे बोललो ते माहीत नसलेल्या माणसासारखं बोललो नव्हतो. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी नवीन चेहऱ्याबद्दल विचारायला लागलो.

पुढचे दोन तास त्यांनी मला पुसणं शिकवलं. बाया पदरानं पुसतात, हमाल गमछ्यानं, ग्रेडर तळहातानं. घाईत कोपरानं. ओल्या फडक्यानं पुसलं तर पाण्याचा थेंबही बोट होतो. मी म्हटलं, पुसण्याआधी दाबायचं एक बटण ठेवतो, तोवर मशीन झोपेल. त्या हसल्या. "बटन दाबाची आठवन कोनाले राहीन? नाकात रुई गेल्यावर तुमी शिंकाच्या आधी बटन दाबता काय?"

मग त्यांनीच सांगितलं, अगदी सहज. "पुसते तवा हात चालते. आकडा टाकते तवा हात थांबते. एवढंही समजत नाई का त्याले?"

मी अकोल्याला परतलो आणि मोबाइलसारखा तो देखणा चेहरा काढून टाकला. माऊसवालाही घातला नाही. खरं तर चेहराच ठेवला नाही. मशीन चालू झालं की सरळ तो एकच कार्यक्रम, काठोकाठ. कडेवरून सरकवायला काही नाही, उडवायला कार्ड नाही, बंद करायला फुली नाही. आणि बटण असं केलं की बोट त्याच्यावर जागच्या जागी थांबलं तरच ऐकेल. हललं, सरकलं, तर समजायचं कोणीतरी पुसतंय. पुन्हा उघडल्यावर जुनी नोंद दाखवायची नाही, कोरी पाटी दाखवायची. माझ्या क्षेत्रातली माणसं याला फारसं कौतुकाचं काम म्हणणार नाहीत. चेहरे निवडण्यात वर्षं घालवलेल्या माणसानं शेवटी कुठलाच निवडला नाही.

आठ दिवसांनी ते अकोटला बसवलं. सुमनबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी पदरानं पुसलं, ओल्या हातानं पुसलं, ग्रेडरचा गमछा मागून घेऊन पुसलं. आकडा हलला नाही. "आता बरोबर आहे," म्हणाल्या आणि वेचणीला गेल्या. खुर्चीवर शेठच्या साडूचा मुलगा बसला होता, बीकॉम झालेला.

मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं. चूक मशीनच्या चेहऱ्याची होती, तो मी निवडला होता, बाईंची काही चूक नव्हती. मी नववी हे मात्र नाही सांगितलं. शेठनं ऐकून घेतलं. रागावलेही नाहीत.

"साहेब, गंजी तर गेली. आता तुमी सांगून ते पांढरी होते काय? अन् पोराले मी बसवलं, त्याले आता उठवू?"

"निदान बायांना तरी सांगा. सगळ्यांसमोर झालं होतं ते."

"मंग तुमीच सांगा ना. माही काही ना नाई."

बाहेर आलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. बाया डबे उघडून बसल्या होत्या, सगळ्या एकत्र. बोलायला याहून सोयीची वेळ मिळणार नव्हती. मी समोर जाऊन उभा राहिलो. सुमनबाई म्हणाल्या, "काय भाऊ, जेवता का?" मी म्हटलं, जेवून आलोय. आणि एसटी स्टँडकडे निघालो. जेवलो नव्हतो.

त्यानंतर ते मशीन चारही जिनिंगनी घेतलं. अमरावतीकडेही तशी मशीनं लागली. सगळीकडे लोक विचारतात, पुसलं तरी हलत नाही, हे कसं सुचलं तुम्हाला? मी म्हणतो, एका बाईंनी शिकवलं. लोकांना तो विनय वाटतो. आई फोनवर विचारते, तिकडे माणसं बरी आहेत का रे. मी म्हणतो, माझ्यापेक्षा बरी आहेत. ती हसते.

अकोटला मी नंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा सुमनबाई खालीच बसलेल्या होत्या. उठताना आता शेजारणीचा हात लागतो. मागच्या हंगामाच्या शेवटी म्हणाल्या, "पुढच्या साली येनं होते का नाई, सांगता नाई येत भाऊ." वेचणीला नव्यानं आलेल्या एका बाईनं मला विचारलं, गंजी जिनं नासवली ती हीच ना? सुमनबाईंना ऐकू गेलं असावं. त्या कापूस वेचत राहिल्या. मी तेव्हाही नुसतं, "तसं नाहीये ते," एवढंच पुटपुटलो.

हे छापून आलं तरी काही फिटत नाही, हे मला कळतं. त्या आवारात दिवाळी अंक कोणी वाचत नाही, आणि इथे लिहिताना मला कोणाच्या डोळ्यांत बघावं लागलेलं नाही. जे उघड्यावर हिरावलं ते उघड्यावरच परत करावं लागतं. तेव्हा इथे लिहून ठेवतो, म्हणजे मलाच पळता येणार नाही. मी अकोटला येईन, वजनकाट्यापाशी उभा राहीन, यंत्रं बंद करायला सांगेन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन की गंजी माझ्यामुळे गेली, सुमनबाईंमुळे नाही. मी इंजिनिअर नाही, नववीत शाळा सोडलेला माणूस आहे आणि मला हे काम त्यांनी शिकवलं. मग शेठनं माझं मशीन काढून टाकलं तरी चालेल. यंदा जमलं नाही तर पुढच्या हंगामात, पण करेन. सुमनबाई, तोवर यायचं बंद करू नका.